लग्नपत्रिकांच्या चकत्या

आमच्या घरातून लग्नपत्रिका नाहीशा व्हायला लागल्या तेव्हा मी पहिला संशय मुलीवर घेतला. इथे आखातात, माबेल्याच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच: नवरा, मी आणि सहावीतली मुलगी. कोकणातून येणारा जो तो बॅगेत एखादी पत्रिका घेऊन यायचा. लग्न होऊन महिना उलटलेला असायचा, पण पत्रिका पोचलीच पाहिजे. मी त्या टाकत नसे. इतका जाड, गुळगुळीत पुठ्ठा टाकायला माझा जीव होत नाही. मी घरी ब्लाऊज शिवते आणि गिऱ्हाइकांची मापं पत्रिकांच्या पाठीवर लिहून ठेवते. शिलाई मशीनच्या खणात चांगला वीतभर गठ्ठा होता. तो बघता बघता चार बोटांवर आला.

मुलीला विचारलं तर म्हणाली, "आई, व्हाय वुड आय? मी काय... काय करू त्याचं?" तिचं मराठी रागात अडखळतं, पण ती खरं बोलत होती. खोटं बोलायचं असलं की ती फार गोड बोलते. मग राहिलं कोण?

"पत्रिका तुम्ही घेता का हो?" मी नवऱ्याला विचारलं.

"कसल्या पत्रिका?" हे टीव्हीकडे बघतच म्हणाले. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. साबणाची जाहिरात इतकं मन लावून बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

संशय हा माझा जुना आजार आहे. माझी आई म्हणायची, ही पोरगी देवाच्या प्रसादालाही आधी वास घेईल. आता मी पाळतच ठेवली. हे रुसैलच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. सकाळी सहाला निघायचे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला यायचे. डब्याच्या पिशवीतून काहीतरी येतंय हे मला पिशवीच्या वजनावरून कळायचं. रिकामा डबा एवढा जड नसतो. घरी आले की आधी गॅलरीत जायचे, मग हातपाय धुवायचे. पंधरा वर्षांच्या संसारात हा क्रम कधी नव्हता.

एका रविवारी कपडे धुवायला टाकताना त्यांच्या पँटच्या खिशात एक पत्रिका सापडली. आमच्याच वाडीतल्या मुलीच्या लग्नाची. तिला गोल भोकं पाडली होती, सगळी एका मापाची, एकाला एक लागून, जराही पुठ्ठा वाया जाऊ न देता. गणपतीच्या चित्राला तेवढं भोक नव्हतं. गणपती सोडून बाकी सगळं पाडलं होतं.

दुसऱ्या कुणी ती बघितली असती तर म्हटलं असतं, पोरीचा शाळेचा प्रोजेक्ट असेल. मी मात्र तिथेच मोरीच्या कठड्यावर बसले. असल्या चकत्या मी लहानपणी शेकड्यांनी पाडल्या आहेत, आणि गणपती सोडायची रीत आमच्याच घरातली.

माझ्या वडिलांकडे बंदूक होती. शेतीसंरक्षणाची, परवान्याची. रानडुकरं एका रात्रीत वरकस जमिनीतली नाचणी आडवी करायची. काडतुसं तालुक्याला मिळत, तीही मोजकीच, म्हणून बाबा रिकामी काडतुसं जपून ठेवायचे आणि घरीच पुन्हा भरायचे. त्याची सगळी हत्यारं त्यांनी स्वतःच जमवलेली: फणसाच्या लाकडाचा ठोकळा, लोहाराकडून करून घेतलेला भोकं पाडायचा पंच, सायकलच्या स्पोकपासून केलेलं काहीतरी. आत घालायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या पाडायचं काम आम्हा भावंडांचं, आणि पुठ्ठा लग्नपत्रिकांचा. देवाचं चित्र बंदुकीत घालायचं नाही, एवढं एकच बंधन आईने घातलं होतं. बाकी तिचं कुणी ऐकत नसे. "काही होत नाही गो," बाबा म्हणायचे.

मी नववीत असताना एका दुपारी मागच्या पडवीत झालं ते. उजव्या हाताचा अंगठा गेला आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. काय चुकलं ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. माझ्या लग्नात कन्यादानाचं पाणी त्यांच्या ओंजळीत राहीना, त्या फटीतून गळून जाई. भटजी पुन्हा पुन्हा ओतत होते आणि नवरामुलगा समोर बसून हे सगळं बघत होता. त्याच नवऱ्यामुलाच्या खिशात आता ही पत्रिका निघाली होती.

कपडे तसेच टाकून मी गॅलरी गाठली. वॉशिंग मशीनच्या मागे जुन्या चादरीखाली ते यंत्र होतं. ड्रिल मशीनचा स्टँड, पण ड्रिलच्या जागी लोखंडी दांडा बसवलेला आणि वर ओढायची मूठ. खाली भोकांचा लाकडी ठोकळा. लेथवर कातलेल्या चकचकीत नळ्या फडक्यात गुंडाळलेल्या. माझा हिंगाचा चमचा, जो मी महिनाभर शोधत होते, दांडी कापून तिथे ठेवलेला. आणि पितळी बुडाचं एक लाल रिकामं काडतूस. बाबांच्या वस्तू ओबडधोबड असत. हे काम इतकं सुबक होतं की मला त्याचीच जास्त भीती वाटली. टर्नरची सगळी कमाई त्याच्या हातांत असते. हेच हात मला उद्या कुठल्या इस्पितळात बांधलेले बघायला लागतील, एवढंच डोळ्यांसमोर यायला लागलं. इथे असल्या कामाला परवानगी आहे का, पोलीस काय म्हणतील, हे विचारही आले, पण ते नंतर.

संध्याकाळी मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "गॅलरीत काय आहे?"

"ते होय? पुऱ्या पाडायचं मशीन. वर्कशॉपमधली पोरं पाणीपुरी करणार आहेत."

"एवढ्याशा पुऱ्या? मुंग्यांचं लग्न आहे काय?"

"अगं, सँपल आहे ते."

खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि यांना तो नाही. मी तिथेच पत्रिका समोर टाकायला हवी होती, पण मी टाकली नाही. पुरतं पकडल्याशिवाय बोलायचं नाही असा माझा खाक्या. शिवाय, खरं सांगायचं तर, त्यांनी आपणहून सांगावं असं मला वाटत होतं.

पकडायला वेळ लागला नाही. हे आंघोळीला गेले की मी फोन बघायचे. हे काही मी मिरवत नाही, पण बघायचे. त्यात मोठ्या अर्बाबचे व्हॉइस मेसेज होते. मोठे अर्बाब म्हणजे वर्कशॉपच्या मालकाचे वडील. बरक्याच्या बाजूला त्यांचं शेत आहे, खजुराची झाडं आणि बकऱ्या. हे दर शुक्रवारी तिकडे जायचे, काही ना काही दुरुस्तीला, आणि तिथेच जेवून यायचे. म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज फोनमधून यायचा, "मशीन कब खलास? लोमड़ी तीन बकरी का बच्चा ले गया." आणि खाली यांचं उत्तर, "इन्शाल्ला नेक्स्ट जुम्मा, बाबा." मागे गेले तर सात महिने तेच. नेक्स्ट जुम्मा, नेक्स्ट जुम्मा, आणि प्रत्येक वेळी यंत्राचा एक फोटो.

मी त्याचा अर्थ असा लावला की यंत्र जसजसं होत आलंय तसतसं हे तिकडे जाऊन काडतुसं भरूनही बघतायत. नाहीतर दर शुक्रवारी एवढं काय काम असतं? दर शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या शर्टाचा वास घ्यायचे. बंदुकीच्या दारूचा वास मला अंधारातही ओळखता येतो. शर्टाला ग्रीसचा वास यायचा, आणि बकऱ्यांचा. मला वाटायचं, शर्ट बदलत असतील.

एकदा न राहवून विचारलंच, "तुम्ही भरता का?"

"काय भरतो?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि मग म्हणाले, "तू नको त्यात डोकं घालू. मी बघतो काय ते." बाबांचं "काही होत नाही" आणि यांचं "मी बघतो" मला एकाच जातीचं वाटलं. त्या दिवसापासून आमच्यात कामापुरतं बोलणं राहिलं.

म्हाताऱ्यांचा मला राग यायचा, पण त्यांना वाईट म्हणायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी मुलीचं अपेंडिक्स फुटायला आलं होतं आणि हे कामावर होते. कुणी कळवलं कोण जाणे, म्हातारे स्वतः गाडी घेऊन आले, आम्हाला इस्पितळात नेलं आणि ऑपरेशन होईपर्यंत बाहेरच्या बाकावर माळ ओढत बसून राहिले. त्या दिवसानंतर यांच्या तोंडून त्यांच्यासाठी "नाही" हा शब्द निघणं शक्य नव्हतं. आणि तिथेच खरं पाणी मुरत होतं असं माझं मत. उपकार करणारी माणसं काहीही मागू शकतात.

मग तो बुधवार आला. सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात म्हातारबाबा. अंगात पायघोळ पांढरी दिशदाशा, हातात काठी, मागे ड्रायव्हर खजुराचा खोका घेऊन उभा. लिफ्ट बंद होती, म्हणून तीन जिने चढून आले होते आणि धापा टाकत होते. मी बसवलं, पाणी दिलं, वेलचीचा चहा केला. चहा घेताना त्यांचे हात बघितले. ऐंशीच्या पुढचे, शिरा वर आलेले, पण धड. दहाही बोटं जागेवर.

"बेटी," ते म्हणाले, "मशीन हो गया? तेरा आदमी बोलता, थोडा बाकी, थोडा बाकी. कितना थोडा?"

मी एक क्षणही विचार केला नाही. खरं म्हणजे महिनाभर मी दुसरा विचारच करत नव्हते. हे धूड घराबाहेर गेलं की यांचे हात वाचले. ज्याचं आहे त्याच्या घरी जाऊ दे.

"हो गया बाबा," मी म्हटलं. "खलास."

ते हसले. तोंडात दात थोडेच होते, पण असं हसू मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मी गॅलरीतून सगळं आणलं, तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरलं आणि चकत्यांचा बिस्किटांचा डबाही वर ठेवला. ड्रायव्हरने पोतं उचललं. म्हाताऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी दुआ दिली. ते गेल्यावर मी गॅलरी पाण्याने धुऊन काढली आणि कितीतरी दिवसांनी दुपारी गाढ झोपले.

हे पाचला आले, नेहमीसारखे गॅलरीत गेले आणि लगेच बाहेर आले.

"इथलं कुठे गेलं?"

"ज्याचं त्याला दिलं. बाबा स्वतः आले होते."

यांचा चेहरा उतरला असं म्हणणं कमी होईल. ते शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले आणि खिशातून फोन काढून लावायला लागले. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं.

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"पूर्ण झालं म्हणून सांगितलं."

"पूर्ण झालेलं नव्हतं," हे म्हणाले. "मी ते होऊच देत नव्हतो."

मग सगळं बाहेर आलं. चूक त्यांचीच होती आणि ती त्यांनी कबूल केली. म्हाताऱ्यांच्या बैठकीत शिकारीच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि यांनी बढाई मारत सांगितलं, माझे सासरे घरीच काडतुसं भरायचे, लग्नपत्रिकेच्या चकत्या घालून. आपल्याकडच्या माणसाला सासुरवाडीची एवढी एक गोष्ट तरी फुशारकीने सांगायला हवीच असते. हाताचं काय झालं ते मात्र सांगितलं नाही. म्हाताऱ्यांची बंदूक परवान्याची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिला बसणारी काडतुसं आता सहज मिळत नाहीत. ते म्हणाले, मग तू मला मशीन करून दे. यांना नाही म्हणता येईना. म्हणून यांनी टर्नरची वाट काढली. प्रत्येक भाग मुद्दाम केसभर चुकवायचा, काही ना काही बाकी ठेवायचं, दर शुक्रवारी फोटो दाखवून पुढचा शुक्रवार मागायचा. म्हातारे कंटाळून विसरतील असा हिशेब. काम चालू असल्यासारखं दिसावं म्हणून चकत्यासुद्धा पाडल्या होत्या.

"त्या साच्यातून निघालेलं काडतूस बंदुकीच्या नळीत नीट बसणार नाही," हे म्हणाले. "अडकेल. आणि मोठे अर्बाब ते ठोकून बसवणार. त्यांना घाई झाली आहे."

मला बाबांची ओंजळ आठवली, आणि मग त्या दिवशी सकाळी चहाचा पेला धरलेले ते हात. मुलीला शेजारणीकडे सोडून आम्ही निघालो. मी येणार म्हटलं तर हे नाही म्हणाले नाहीत. गाडी हायवेला लागली. मग हे म्हणाले, "एकदा विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तुम्ही पुऱ्या म्हणालात."

"तुझ्या बाबांची गोष्ट मी चार माणसांत गंमत म्हणून सांगितली, हे तुला कसं सांगू?"

हायवेवर पुढच्या गाड्या इतक्या हळू चालल्या होत्या की मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते.

शेतावर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. म्हातारे आंब्याखाली चटईवर बसले होते. समोर यंत्र, सिमेंटच्या ओट्यावर नीट बसवलेलं. शेजारी ओळीने उभी केलेली चार भरलेली काडतुसं, आणि बंदूक मांडीला लागून. मी आधी हात बघितले. धड होते. मी न विचारता चटईच्या कडेला बसले.

"देखो!" म्हातारे यांना म्हणाले. "फर्स्ट क्लास! थोडा टाइट है, मगर जाएगा. अभी मारके देखेगा."

हे उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, एक छोटा काम बाकी है. मशीन वापस देना पड़ेगा. नेक्स्ट जुम्मा..."

अजून तेच. मला सहनच झालं नाही. माझं हिंदी बरं नाही, पण मी बोलले. "बाबा, इसने जान के खराब बनाया. मत मारो." मग मी माझा उजवा हात पुढे केला, अंगठा आणि शेजारचं बोट आत दुमडलं आणि म्हटलं, "मेरे बाबा का हाथ. ऐसा हो गया. यही काम में."

म्हातारे माझ्या हाताकडे बघत राहिले. मग यांच्याकडे वळले. "जान के?"

"हाँ बाबा," हे म्हणाले. मान खाली होती.

"सात महीना?"

"हाँ."

त्यांनी चारही काडतुसं उचलून यांच्या हातात दिली. बंदूक उघडून, आत काही नाही ना बघून, चटईवर आडवी ठेवली. आवाज चढवला नाही. "मेरे को बोलना था, नहीं बनाएगा. मैं सुनता. तू हर जुम्मा मेरा घर खाया, मेरा मुँह देखा और झूठ बोला." मग त्यांनी शेतावरच्या बंगाली कामगाराला हाक मारली. तो आल्यावर आमच्यादेखत सांगितलं, "कल दूसरा मिस्त्री बुलाओ. पंप देखो. ये आदमी ने पंप बनाया है, क्या मालूम अंदर क्या किया."

विहिरीवरचा तो पंप यांनी उन्हाळ्यात चार शुक्रवार खपून नवा केल्यासारखा केला होता. वर्कशॉपमधल्या मालाचाही त्यांना इतका अभिमान नव्हता. ते लाल झाले, मग पांढरे झाले. ते सरळ गाडीकडे गेले, काडतुसं आत ठेवली, पान्यांची पेटी घेऊन आले, पंप बंद केला आणि खोलायला बसले. "आप ही देख लो बाबा," एवढंच म्हणाले. एकेक नट, एकेक वॉशर पुसून पोत्यावर ओळीने मांडायला लागले. मीही बाजूला बसून सुटे भाग हातात घेत होते. इतका राग, इतकी लाज आणि इतकी माया मला एकाच वेळी त्यांच्याबद्दल कधी वाटली नव्हती.

मशिदीतून मगरिबची, सांजेच्या नमाजाची अजान झाली. म्हातारे काठी टेकत उठले आणि आत गेले.

"अहो, ते गेले," मी म्हटलं.

"येतील नमाज झाल्यावर," हे म्हणाले आणि पुढचा बोल्ट सोडवायला घेतला.

नमाज झाली. आतला दिवा लागला, पण दार उघडलं नाही. शेवटी तो बंगाली कामगार आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला की पंप कधी सुरू होणार, बकऱ्यांना पाणी पाजायचं राहिलंय. मग आम्ही दोघांनी मिळून पंप परत बसवला.